टोपलीवाली सायकल, दोन वर्षांनंतर

माझ्याकडे दोन सायकली आहेत. एक मी चालवते आणि दुसरी गोठ्याच्या वाशाला टांगलेली आहे. हे लिहितेय ते चालवते तिच्याबद्दल, पण टांगलेलीची हकिगत आधी सांगावी लागेल, नाहीतर एकसष्ट वर्षांच्या बाईने बिनगिअरची, पुढे टोपली असलेली, शाळकरी मुलींची म्हणतात तसली सायकल का घेतली ते कळणार नाही.

मी नागावची, अलिबागजवळच्या. एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स, म्हणून नोकरी केली, मे २०२२मध्ये रिटायर झाले. गावात अजून सगळे सिस्टरच म्हणतात. नोकरीत फिरले ती एसटीने, मिनीडोर रिक्षाने आणि पायी. सायकल लहानपणी भावाच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून शिकले होते, ती दहावीनंतर सुटली. पुन्हा हातात आली ती निसर्ग वादळात. ३ जून २०२०ला ते आमच्या डोक्यावरून गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागावात रस्ता असा उरलाच नव्हता. पोफळी, माड, विजेचे खांब, पत्रे, सगळं आडवं. स्कूटर निघेना. शेजारच्या पोराची सायकल मागून घेतली, बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि निघाले. झाड आडवं आलं की सायकल उचलून पलीकडे ठेवायची, आपण फांद्यांतून जायचं, पुन्हा बसायचं. मागाहून कुणीतरी सांगितलं की ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ठरवलेला. आमच्याकडे तो असा साजरा झाला.

तेव्हापासून मी घरात सायकल-सायकल करत होते. मुलगा ऐरोलीला असतो. रिटायर झाल्यावर त्याने ऑनलाइन मागवून दिली: एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, किंमत साडेतेरा हजार. खोकं आलं. त्यावर ‘८५ टक्के जोडलेली’ असं छापलेलं होतं. उरलेले १५ टक्के म्हणजे पुढचं चाक, हँडल, सीट, पायडलं आणि आपलं नशीब. वाडीतल्या इंजिनिअरिंगच्या पोराने व्हिडिओ बघत दोन तासांत जोडली, चहा-पोहे खाल्ले, गेला.

सायकल पहिल्या दिवसापासून विचित्र वागायची. हँडल जरा हललं की चाक भलतीकडेच वळायचं, आणि वळताना चपलेचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. मला वाटलं, वय झालं, तोल गेला आपला. महिनाभर स्वतःलाच दोष दिला. मग एका शनिवारी आक्षीच्या पुलाच्या अलीकडे मागून मोठ्या गाडीने हॉर्न दिला, मी थांबायला गेले, सलवारीचा पायचा साखळीत अडकलेला, दांडा उंच असल्यामुळे पाय पलीकडे जाईना, आणि मी उभ्या-उभ्या आडवी झाले. कोपर सोललं. मनगट वाचलं हे माझं भाग्य, कारण आमच्या वयाच्या बायका हातावर पडल्या की मनगटच मोडतं. प्लास्टरला नेलेल्या कितीतरी जणी मला आठवतात.

सायकल ढकलत नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने लांबूनच पाहिली आणि हसायला लागला.

“सिस्टर, हिचा चिमटा उलटा बसवलाय. महिनाभर चालवलीत तुम्ही ही?”

पुढचं चाक धरणारा चिमटा खालच्या टोकाला पुढे झुकलेला असतो, तो आमच्या इंजिनिअरने मागे झुकवून बसवला होता. चाक पायडलांच्या जवळ आलं, म्हणून पाय लागत होता. हँडल नाचत होतं त्याचं कारणही तेच. ऑनलाइन सायकल घेतली असेल तर आधी उठून एवढं बघा: बाजूने उभं राहून पाहिलं तर चिमटा खाली जाताना पुढे गेलेला दिसला पाहिजे.

चिमटा सरळ झाला, पण ती सायकल आमच्या हवेला टिकली नाही. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गिअरच्या तारा पहिल्या पावसात गंजल्या, मागच्या गिअरच्या बारक्या चाकांत पुळणीची वाळू गेली, डिस्कवर तांबेरा चढून ब्रेक दाबला की कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज. मग एकदा मागचा गिअर अडकून वाकला. मिस्त्रीकडे तो भाग मिळेना. कंपनीला फोन केला तर फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, पुन्हा पाठवा म्हणाले. सव्वीस दिवस झाल्यावर मीच नाद सोडला. अलिबागेत गंजाची भीती नसलेली वास्तू एकच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४च्या सुमारास इकडे आणली, तिच्या बांधकामात लोखंडच वापरलेलं नाही. बाकी आपण सगळे गंजतोच.

मग २०२३च्या दिवाळीत मिस्त्रीलाच म्हटलं, तू सांग कुठली घेऊ. त्याने विचारलं, “जायचं कुठे?” मी म्हटलं अलिबाग, आक्षी, चौल, फार तर रेवदंडा. “मग गिअर काय कार्ले खिंड चढवायला पाहिजेत तुम्हाला?”

हे त्याचं बरोबर होतं. आमचं अष्टागर सपाट आहे. अलिबाग ते रेवदंडा दोन्ही बाजूंना वाड्या, मधून रस्ता, चढ म्हणाल तर पुलांचे. रत्नागिरीत थिबा पॅलेसच्या बाजूला राहणाऱ्याने किंवा दापोलीहून हर्णैला उतरून परत चढणाऱ्याने माझं ऐकू नये, त्यांना गिअर हवेतच.

तर सायकल. आमच्याकडे असल्या सायकलीला सरसकट लेडीबर्डच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. २६ इंची चाकं, लोखंडी सांगाडा, दांडा खाली वाकलेला, पूर्ण बंद चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, मागच्या चाकाला ओढणी-साडी जाऊ नये म्हणून जाळी, कॅरिअर, पुढे तारेची टोपली, साइड स्टँड, कुलूप. सगळं मिळून ७,२०० रुपये, जोडणी माझ्यासमोर. वजन मी घरच्या काट्यावर काढलं, सायकल हातात धरून एकदा आणि नुसती मी एकदा, वजाबाकी साडेसतरा किलो. जड आहे. उचलून जिन्यावर न्यायची असेल तर घेऊ नका.

दांडा खाली असण्याचं महत्त्व मला आधी कळलंच नव्हतं. पाय उचलून मागून टाकायला लागत नाही. समोरून उभं राहायचं, पाय पलीकडे ठेवायचा, बसायचं. थांबताना सीटवरून पुढे सरकलं की दोन्ही पाय जमिनीवर. पडणं बहुतेक चालवताना होत नाही, चढता-उतरताना होतं, निदान आमच्या वयात तरी. पुरुषांना अशी सायकल घ्यायची लाज वाटते. आमच्या ह्यांचा गुडघा पार गेलाय, पण “बायकांच्या सायकलीवर” बसणार नाहीत. पहाटे कुणी नसताना बसतात, ते मला ठाऊक आहे.

सीटबद्दल बायका उघड बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. सायकलीबरोबर आलेली सीट रुंद, मऊ, स्प्रिंगची होती. दुकानात बसून पाहिली तेव्हा गादीसारखी. पाच किलोमीटरनंतर मांड्या घासायला लागल्या आणि पुढच्या टोकाचा दाब भलत्या ठिकाणी. दोन गोष्टी केल्या. टोक अगदी किंचित खाली झुकवलं, एका बोटाएवढंसुद्धा नाही. आणि सीट उंच केली. या उंचीवरून मिस्त्रीचं आणि माझं वाजलं. त्याचं म्हणणं, दोन्ही तळपाय टेकले पाहिजेत, नाहीतर बाईमाणूस पडेल. सगळेजण सीट अशीच खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं तर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. मी महिन्याला एक बोट असं करत तीन महिन्यांत त्या उंचीला आणली, म्हणजे धीरही येत गेला. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरायचा तो आता बराच गप्प असतो.

पावसात ब्रेक वाईट. हे स्पष्ट सांगते. रिम लोखंडी, चकचकीत. ओली झाली की रबर नुसतं घसरत राहतं. पहिल्या पावसात मी एका गाईपासून हातभर अंतरावर थांबले, गाय हलली नाही, मी हादरले. आता पाऊस असला की थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून रिमवरचं पाणी पुसून काढते आणि मग दोन्ही ब्रेक मिळून दाबते. नुसता पुढचा कधीच नाही. वळणावर वाळू असते, वाडीच्या रस्त्यात पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद बूड, पडलेली असते. ओल्या विरीवर चाक गेलं तर साबणावर गेल्यासारखं जातं. तिथे ब्रेकही नाही आणि हँडलही नाही, सरळ जाऊ द्यायचं.

गंज हिलाही लागतो, फक्त हिच्यात गंजण्यासारखं कमी आहे, आणि जे गंजतं ते मिस्त्रीच्या डब्यात असतं. चेनकव्हर बंद असल्याने साखळी दोन वर्षं तीच आहे. सुरुवातीला मी शहाणपणा करून खोबरेल तेल घातलं. घरचं, घाण्याचं. थंडीत सकाळी ते थिजलं, त्यावर धूळ बसली, आणि मिस्त्रीने कव्हर उघडल्यावर माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पेशंटला एक्स्पायरी झालेलं इंजेक्शन देताना सापडले. आता त्याने दिलेलं तेल एकेका कडीवर थेंब-थेंब, पायडल उलटं फिरवत, आणि वरचं सगळं फडक्याने पुसून. पुळणीवर चालवू नका असं मी सगळ्यांना सांगते आणि स्वतः नात आली की ओहोटीच्या घट्ट वाळूवर घेऊन जाते. आल्यावर दोन तांबे गोडं पाणी आणि फडकं. पाणी जोरात मारायचं नाही. चाकाच्या मधल्या भागात शिरलं तर छर्रे गंजतात.

वाऱ्याचा हिशेब गिअरवाल्यांनाही लागू आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि अलिबाग आमच्या उत्तरेला. म्हणून सकाळी सातला वारा पडलेला असताना निघायचं, सातेक किलोमीटर, मला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. बँक, बाजार, मग चेंढऱ्याला बहिणीकडे जेवण आणि झोप, आणि पाचला वारा पाठीला घेऊन घरी. एकदा उलटं केलं होतं. पुलावर उतरून ढकलली.

शुक्रवार रात्रीपासून रविवारपर्यंत मी मोठ्या रस्त्यावर सायकल काढत नाही. पर्यटकांवर आमच्या गावाची पोटं चालतात, माझ्या भाचीच्या खोल्याही त्यांच्यावरच चालतात, पण मॅप बघत चालवणारा माणूस सायकल बघत नाही. नारळपाण्याच्या गाडीशी थांबलेल्या कारपासून पूर्ण दार उघडेल एवढं अंतर ठेवते. डांबराच्या अगदी कडेने जात नाही, हातभर आत राहते. कडेला वाळू असते आणि डांबर व माती यांच्यात चार बोटांची पायरी. चाक त्यावरून खाली उतरलं तर लगेच वर चढवायला जाऊ नका, चाक कडेला घासत राहतं आणि माणूस रस्त्यात पडतो. थांबा, उतरा, उचलून घ्या. उजव्या मुठीला छोटा आरसा लावलाय, दीडशे रुपये, या सगळ्या सायकलीत सगळ्यात कामाची वस्तू. मागे लाल चार्जिंगची लाइट, ती मी दिवसासुद्धा चालू ठेवते, कारण आमच्या वाड्यांतल्या सावलीत उन्हातून आलेल्या गाडीवाल्याला काही दिसत नाही.

हेल्मेट कायद्याने सायकलवाल्याला सक्तीचं नाही. डोक्याला टाके घालताना धरून ठेवलेली पोरं माझ्या हातांना आठवतात, म्हणून मी घालते. अडचण अंबाड्याची. अंबाड्यावर हेल्मेट मागे कलंडतं आणि कपाळ उघडं पडतं, म्हणजे नसल्यासारखंच. आता खाली, मानेशी वेणी घालते. भुवईच्या वर दोन बोटं हेल्मेट सुरू झालं पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटंच गेली पाहिजेत. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, वरून ठीक दिसलं तरी. पहिले काही दिवस “सिस्टर चांद्रयानावर निघाल्या” वगैरे झालं. मग थांबलं.

तब्येतीचं विचारतात सगळे. बीपीची गोळी एकच होती, एकच आहे. वजन सहा महिन्यांत दोन किलो उतरलं, त्यातलं एक गणपतीत परत आलं. झोप मात्र लागते, आणि जिन्यावर धाप लागायची ती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्या अलिबागच्या दोन फेऱ्यांत तो होतो. मध्यम म्हणजे काय, तर चालवताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. एक गोष्ट सायकल देत नाही. तुमचं वजन सीट उचलते, त्यामुळे हाडांवर भार येत नाही, आणि पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांना तोच भार हवा असतो. म्हणून मी चालतेही, आणि झाडांना पाणी पाइप असूनही बादलीने घालते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी टोपलीत साखर ठेवावी. छातीत आवळलं की उतरून बसावं, घर पाच मिनिटांवर असलं तरी.

या सायकलीने केलेलं एक काम मात्र मी किमतीत धरते. शेजारची वहिनी, वय चौपन्न, कधीच सायकलला हात लावलेला नाही. मला म्हणाली, मला शिकवा, पण कुणी मागून धरायचं नाही, मला गुदगुल्या होतात. मिस्त्रीने सांगितलं, पायडलं काढा, सीट खाली करा, पायांनी ढकलत चालू दे, तोल आला की पायडलं लावा. मी घरी पाना घेऊन बसले. उजवं पायडल निघालं. डावं काही केल्या निघेना. आमच्या ह्यांना बोलावलं, त्यांनी जोर लावला, पाना घसरून त्यांची बोटं सोलली. सायकल तशीच नाक्यावर नेली. मिस्त्रीने पाना लावून उलट्या बाजूला नुसता टेकवला आणि ते सुटलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आम्ही दोघं अर्धा तास ते आवळत होतो. वहिनी शाळेच्या मैदानावर चार संध्याकाळी पायांनी ढकलत फिरली, पाचव्या दिवशी पायडलं लावली आणि ती निघाली ती थांबेना, कारण थांबायचं कसं ते मी सांगायलाच विसरले होते. मैदानाला गडगा आहे, त्याला टेकून थांबली. आता तिने स्वतःची घेतली आहे, हीच, निळी.

मिस्त्रीबद्दल तक्रारीही आहेत. दुकानाला वेळ नाही. संध्याकाळी देतो म्हणजे कुठली संध्याकाळ ते तो सांगत नाही. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तो मखरं करतो, तेव्हा पंक्चर झालं तर चालत जा. मी सांगूनही हवा कमीच भरतो, टायर बोटांनी दाबून बघतो आणि ‘बास’ म्हणतो. मी पंप विकत घेतला. पण पंक्चरचे तीस रुपये घेतो आणि काढलेला काटा हातात देतो. वर्षातून एकदा, पाऊस संपला की सगळी खोलून, धुऊन, ग्रीस घालून, छर्रे बदलून साडेतीनशे. याला आमच्याकडे सगळे ओव्हरऑइल म्हणतात, तोही पाटीवर तसंच लिहितो. दोन वर्षांत मी सायकलीवर किंमत सोडून अकराशेच्या आसपास खर्च केले, त्यात मागचा टायर आणि दोनदा ब्रेकचे रबर. टोपलीची एक तार तुटली, ती मीच सुतळीने बांधली. घंटी पहिल्याच पावसात मुकी झाली, बदलली. रंग चिमट्याच्या जोडापाशी फुगतोय, पुढच्या वर्षी तिथे छिद्र पडतं का बघावं लागेल.

गोठ्यातली द्यायची आहे. कुणाला चढावर राहून गंजाशी भांडायची हौस असेल तर चार हजार सांगतेय, थोडं इकडेतिकडे. मागचा गिअर वाकलेला आहे तो आहे. चिमटा सरळ आहे.